रक्त येत नाही, हीच तर पंचाईत

"हिरड्यांतून रक्तबिक्त कधी येत नाही डॉक्टर, तेवढं एक बरंय."

दातांच्या दवाखान्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते कानावर पडलं की माझी नजर आधी समोरच्या माणसाच्या बोटांकडे जाते. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांवर पिवळट डाग असतो. तोंडात नुकतीच टाकलेली बडीशेप असते. तक्रार अगदी साधी असते: एक दाढ जरा हलतेय, तेवढी बघा. बघायला गेलं तर हलणाऱ्या दाढा चार-पाच निघतात. हिरड्या मात्र वरवर छान घट्ट, फिकट, कुठे सूज नाही. घराला रंग ताजा आणि आतले वासे वाळवीने खाल्लेले, तसा प्रकार.

सिगरेट-बिडीने तोंडाचं काय होतं, याचं उत्तर बहुतेकांना पाकिटावरच्या चित्रावरून माहीत असतं: कॅन्सर. ते खरंच आहे, त्याकडे येतोच. पण धूर रोज, न चुकता, प्रत्येक ओढणाऱ्याच्या तोंडात आणखी एक काम करत असतो, ते म्हणजे आजाराचा आवाज बंद करण्याचं. लोक उशिरा का येतात, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

हिरडीचा आजार मुळात होतो कसा, ते आधी बघू. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे एक बारीकशी फट असते. खाल्लेलं अन्न, लाळ आणि जंतू यांचा चिकट थर तिथे साचतो. तो वेळेवर निघाला नाही की लाळेतल्या क्षारांमुळे दगडासारखा कडक होतो. त्याला आपण किटण म्हणतो. शरीराला हे आवडत नाही. ते त्या जागी जादा रक्त पाठवतं, रक्ताबरोबर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात, हिरडी लाल होते, फुगते आणि ब्रश लागला की रक्त येतं. बेसिनमध्ये थुंकी गुलाबी दिसली की माणूस घाबरतो आणि डॉक्टर गाठतो. म्हणजे ते रक्त ही धोक्याची घंटा असते. ती वाजली म्हणून चिडायचं नसतं.

निकोटिन नेमका याच घंटेचा दोर कापतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या हिरडीत, सुजेच्या वेळी ज्या बारीक रक्तवाहिन्या फुलायला हव्यात, त्या पुरेशा फुलतच नाहीत. जंतू तेवढेच, किटण तेवढंच, पण लाली नाही, सूज नाही, रक्त नाही. शिवाय जी कुमक पोचते तीही धड नसते: धुरातल्या रसायनांमुळे पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची ताकद कमी होते. फटीतला प्राणवायू कमी झाला की ज्या जंतूंना प्राणवायू नकोच असतो त्यांचं फावतं, आणि हिरडीच्या आजारातले सगळ्यात खोडसाळ जंतू नेमके त्याच जातीचे आहेत.

याचा परिणाम हाडावर होतो. दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंची झालर असते आणि तिने तो हाडाला बांधलेला असतो. आजार खाली सरकला की हे तंतू तुटतात, हाड झिजतं, फट खोल होते. या खोल फटीला आम्ही पॉकेट म्हणतो. आम्ही एका बोथट, खुणा केलेल्या सळईने ती मोजतो. निरोगी हिरडीत ती साधारण १ ते ३ मिलिमीटर भरते. हिरड्या 'छान' दिसणाऱ्या माणसात ती सळई ६, ७, कधी ८ मिलिमीटर आत जाते, आणि त्याला कळतही नाही. जुनी माणसं याला पायरिया म्हणायची. न ओढणाऱ्याच्या तुलनेत ओढणाऱ्याला हा आजार होण्याचा धोका ढोबळमानाने दुप्पट असतो, आणि मधुमेह जोडीला असेल तर तो आणखी वाढतो. गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत येत नाही. नवा केस येतो, नवं नख येतं, पण दाताभोवतीचं हाड गेलं की गेलं.

बरं, उपचारालाही हे तोंड नीट साथ देत नाही. हिरडीखालची खोल सफाई केली तर न ओढणाऱ्याची हिरडी जेवढी घट्ट बसते तेवढी ओढणाऱ्याची बसत नाही. डॉक्टर तेच, हत्यारं तीच, फी तीच. दात गेल्यावर लाखभर खर्चून इम्प्लांट बसवायला आलेल्या माणसाला मी आधी हे सांगतो, कारण ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट फसण्याचं प्रमाण साधारण दुप्पट असतं. स्क्रू कितीही परदेशी असला तरी त्याला धरून ठेवायचं काम शेवटी आपल्याच हाडाला करायचं असतं.

दाढ काढल्यानंतरची गोष्ट तर ऐकवण्यासारखीच आहे. दाढ निघाली की खड्ड्यात रक्ताची गुठळी जमते. ती गुठळी म्हणजे निसर्गाने घातलेली मलमपट्टी असते. तिच्याखाली हाड झाकलं जातं, मज्जातंतूंची टोकं झाकली जातात, आणि तिच्यातूनच पुढे नवी त्वचा आणि हाड तयार होतं. माणूस घरी जातो, बधिरपणा उतरतो, कापूस काढून टाकतो आणि सवयीने गॅलरीत जाऊन एक पेटवतो. झुरका मारताना तोंडात जी ओढ तयार होते तिने गुठळी सुटू शकते. निकोटिनमुळे त्या जागी रक्तही कमी पोचतं, म्हणजे मुळात गुठळीच कमकुवत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खड्डा रिकामा, हाड उघडं, आणि ठणका असा की कानापर्यंत, कानशिलापर्यंत चढतो. तोंडाला घाण वास येतो. याला ड्राय सॉकेट म्हणतात. मग आम्ही खड्डा धुऊन त्यात लवंगेच्या तेलातल्या औषधाची पट्टी भरतो, ती बदलत राहतो, आणि हळूहळू ते भरून येतं. दाढ काढल्यावर निदान ३ दिवस तरी ओढू नका, असं मी सांगतो. स्ट्रॉने सरबत पिणंही त्याच कारणासाठी बंद. बऱ्याच जणांनी आयुष्यात पहिल्यांदा सलग ३ दिवस न ओढता काढलेले असतात ते याच निमित्ताने. तिथून कायमची सोडणारेही भेटतात.

दातांवरच्या डागांबद्दल फार लिहायला नको, ते आरशात दिसतातच. गंमत एवढीच की शुद्ध निकोटिनला स्वतःचा रंग नसतो. हवा लागली की ते पिवळं पडतं, आणि धुरातलं डांबर त्यावर तपकिरी थर चढवतं. खरखरीत दंतमंजनाने ते घासून काढण्याच्या नादात लोक दाताचं वरचं पांढरं आवरण झिजवतात. आतला थर मुळातच पिवळसर असतो, तो दिसायला लागतो, आणि दात आणखी पिवळे झाले म्हणून माणूस आणखी जोरात घासतो. डाग काढायचे तर दवाखान्यात क्लीनिंग करून घ्यावं, अर्ध्या तासाचं काम आहे.

तोंडाचा वास आणि चव हे दोन विषय घरातल्या माणसांना जास्त कळतात. भाजीत मीठ कमी आहे म्हणून रोज वरून घेणारा माणूस ओढणारा असेल तर स्वयंपाक करणारीला बोल लावण्यात अर्थ नाही. जिभेवरची चव ओळखणारी यंत्रणा आणि नाकातला वास ओळखण्याचा भाग दोन्ही धुराने बोथट होतात. काहींच्या जिभेवर तपकिरी-काळी लव उगवल्यासारखं दिसतं. ते केस नसतात. जिभेवरचे बारीक उंचवटे एरवी खाण्याबरोबर झिजत राहतात, ते न झिजता लांब वाढतात आणि त्यांच्यात धुराचे, चहाचे रंग अडकतात. दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी. जीभ घासत राहिली आणि ओढणं थांबलं की जातं.

हिरड्या काळसर होण्याबद्दल मात्र एक खुलासा करतो, कारण त्यावरून उगाच घबराट होते. आपल्याकडे कित्येकांच्या हिरड्या जन्मतःच सावळ्या असतात, जशी त्वचा तशी हिरडी. त्यात काही आजार नाही. पण पुढच्या खालच्या दातांपाशी आधी गुलाबी असलेली हिरडी ओढायला लागल्यावर काळी पडत गेली असेल तर ते धुरामुळे रंगपेशी चेकाळल्याचं लक्षण असतं. सोडल्यावर हा रंग हळूहळू, काही महिने ते काही वर्षांत फिका पडतो.

तोंडाच्या आत वर बोट लावलं तर जो घुमट लागतो, ती टाळू. धुराची आच थेट तिथे बसते. पाइप आणि चिलीम ओढणाऱ्यांची टाळू पांढरट, सुकलेल्या चिखलासारखी भेगाळलेली होते आणि त्यात लाल टिपके उठून दिसतात. ते टिपके म्हणजे लाळेच्या बारीक ग्रंथींची सुजलेली तोंडं. नुसतं एवढंच असेल तर ओढणं थांबल्यावर काही आठवड्यांत टाळू बरीच पूर्ववत होते. पण आंध्रच्या किनाऱ्यावर, श्रीकाकुळम-विशाखापट्टणमच्या बाजूला, एक वेगळी रीत जुन्या काळापासून आहे: चुट्टा नावाची जाड देशी चिरूट पेटवायची आणि पेटतं टोक तोंडात धरून ओढायची. ओढणाऱ्या मुख्यतः बायका. बाहेर वाऱ्याने विझत नाही, राख पडत नाही, कामं करता येतात. आणि जगात इतरत्र विरळा असलेला टाळूचा कॅन्सर तिथे ठळकपणे दिसतो. गोव्यातही धुमटी नावाची, पानात गुंडाळलेली तंबाखू होती आणि तीही काही बायका उलटी ओढत. निखारा जिथे, कॅन्सर तिथे, इतकी सरळ साक्ष वैद्यकात क्वचित मिळते.

आता त्या चित्राकडे. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं असतात आणि त्यांतली किमान ७० कॅन्सर करणारी म्हणून ओळखली गेली आहेत. तोंडाच्या आतली त्वचा फार लवकर झिजते आणि फार लवकर नवी होते, म्हणजे पेशी सतत स्वतःची नक्कल काढत असतात. ही रसायनं पेशीच्या मूळ हस्तलिखितावरच डाग पाडतात. एखाद-दुसरा डाग शरीर दुरुस्त करतं. रोज वीस वेळा डाग पडत राहिले की कधीतरी चूक दुरुस्त करणारा मजकूरच खराब होतो आणि पुढच्या सगळ्या नकला बिघडलेल्या निघतात. दारू सोबत असेल तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराच्या हिशोबाने वाढतो. दारूमुळे त्वचेचा अडसर सैल होतो आणि रसायनं आत शिरतात. 'बसल्यावरच ओढतो' म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

तोंडात बघायचं कुठे? ओढणाऱ्यांमध्ये जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा जास्त धोक्याची. तंबाखू गालात धरणाऱ्यांमध्ये गाल आणि खालची हिरडी जिथे मिळतात तो खोबणीसारखा भाग. बघायचं काय? पुसून न निघणारा पांढरा चट्टा. मखमलीसारखा लाल चट्टा, जो पांढऱ्यापेक्षा जास्त घातक. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण. न दुखणारी गाठ. 'न दुखणारी' हा शब्द महत्त्वाचा, कारण इथेही आवाज बंदच असतो. तिखट लागतं, झोंबतं म्हणून येणारे बरेचदा साध्या तोंड येण्याचे निघतात, आणि ज्याचं काहीच दुखत नाही त्याची बायॉप्सी करावी लागते. दुखायला लागेपर्यंत थांबणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणं.

भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर इतर कुठल्याही कॅन्सरपेक्षा जास्त आढळतो. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या आवारात जाऊन आलेल्या कुणालाही हे आकड्यांशिवाय कळतं. पण हा कॅन्सर शोधायला यंत्र लागत नाही, उजेड लागतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते, डॉक्टर नव्हेत, घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासत. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू या नुसत्या बघण्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. महिन्यातून एकदा आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून, जीभ कापडाने धरून दोन्ही बाजूंना ओढून बघायला दोन मिनिटं पुरतात.

"मी सिगरेट नाही ओढत, बिडी ओढतो, ती नैसर्गिक असते." हे दुसरं लाडकं वाक्य. तेंदूचं पान गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातून येतं, त्या अर्थाने नैसर्गिक खरंच. पण त्या पानातून हवा सहज आत जात नाही, म्हणून बिडी ओढत राहिलं नाही तर विझते. ती पेटती ठेवायला माणूस जास्त वेळा आणि जास्त जोराने ओढतो. तंबाखू थोडी असूनही तोंडात उतरणारं विष म्हणूनच कमी होत नाही. फिल्टरचंही तसंच, माणूस नकळत खोल झुरके घेऊन कसर भरून काढतो. हुक्क्यातलं पाणी धूर थंड करतं, स्वच्छ करत नाही. ई-सिगरेट आपल्याकडे २०१९ पासून बंद आहे. चोरून मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि निकोटिन तिच्यातही असल्याने हिरडीचा दोर तीही कापतेच.

महाराष्ट्रात मात्र धुराबद्दल लिहून थांबलं तर तो लेख अर्धवटच राहील. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातले फक्त ३.८ टक्के प्रौढ ओढणारे निघाले, आणि तंबाखू चघळणारे, मळणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के. सिगरेट वाईट म्हणून सोडली आणि त्या जागी चुना-तंबाखू धरली, हा व्यवहार मी भरपूर पाहिलाय. तंबाखू भाजून केलेली मशेरी तर कित्येक घरांत आजही दंतमंजन समजली जाते. दात तिने घट्ट होत नाहीत. तल्लफ भागते आणि हिरडी सरकते. सुपारीचा गुन्हा वेगळा आहे: तिने गालाच्या आतली त्वचा दोरीसारखी कडक होऊन तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर दवाखाना गाठावा.

सोडल्यावर काय परत मिळतं? वास आणि चव काही आठवड्यांत. हिरडीचा रक्तपुरवठाही काही आठवड्यांत सुधारायला लागतो. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा वाढलेला धोका ५ ते १० वर्षांत निम्म्यावर येतो. हाड परत येत नाही, पण झिजण्याचा वेग मंदावतो. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो, फक्त पेटवण्याच्या घाईत कुणी वाचत नाही. निकोटिनचं च्युइंगम वापरणार असाल तर ते साध्या च्युइंगमसारखं भराभर चघळू नका. चुरचुर जाणवेपर्यंत हळू चघळायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. चुरचुर थांबली की पुन्हा चघळायचं. औषध तोंडाच्या त्वचेतून रक्तात जातं. लाळेबरोबर गिळलं तर उचकी आणि जळजळ पदरात पडते. चहा-कॉफी प्यायल्यावर १५ मिनिटं थांबून मगच घ्यावं.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी, कारण ती न सांगितल्याने मी एकदा फसलोय. चाळिशीतले एक गृहस्थ, वीस वर्षं रोजचं एक पाकीट, मुलीच्या दहावीच्या वर्षी हट्टाने बंद केलं. महिन्याभराने तणतणत आले. "डॉक्टर, ओढत होतो तेव्हा एक थेंब रक्त नव्हतं. सोडली आणि रोज ब्रश लाल. यापेक्षा ओढत होतो तेच बरं होतं की."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, हातात आरसा दिला आणि सळई हिरडीला टेकवली. जिथे महिन्यापूर्वी काही दिसलं नव्हतं, तिथे लाल ठिपका उमटला. घंटा पुन्हा वाजायला लागली होती. त्या दिवशी आम्ही खालच्या उजव्या बाजूची खोल सफाई केली, पुढच्या तीन आठवड्यांत बाकीच्या तीन बाजू. दोन दाढा वाचल्या नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा ६ मिलिमीटरची बरीच पॉकेट्स ४ वर आली होती, आणि त्यांनी आरसा स्वतःच मागून घेतला.